पाण्याविना बेटे

जालना जिल्ह्यात बेटे आहेत का, असे भूगोलाच्या तासाला कुणी विचारले तर वर्गात हशा पिकेल. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर! पण आरोग्यशास्त्राच्या नकाशावर बेटे आहेत. ती कशी, हे समजण्यासाठी आधी खऱ्याखुऱ्या बेटांवर जाऊ.

उत्तर अटलांटिक महासागरातील फॅरो बेटांवर १८४६ साली कोपनहेगनहून आलेल्या एका कारागिराबरोबर गोवर उतरला. बेटांची वस्ती ८ हजारांच्या आत. त्यांतील ६ हजारांहून अधिक माणसे काही महिन्यांत आजारी पडली. डेन्मार्क सरकारने पीटर पानुम या २५ वर्षांच्या डॉक्टरला तेथे धाडले. घरोघर फिरताना त्याला एक नवल दिसले. काही म्हातारी माणसे ठणठणीत होती! चौकशीअंती कळले, की १७८१ च्या साथीत, लहानपणी, त्यांना गोवर येऊन गेला होता. ६५ वर्षे उलटली तरी शरीराने त्या शत्रूची ओळख विसरली नव्हती.

मधल्या ६५ वर्षांत तेथे गोवर का नव्हता? गोवराचा विषाणू माणसाखेरीज कुठेही टिकत नाही. त्याला सतत नवी माणसे लागतात. सुमारे अडीच-तीन लाखांहून लहान वस्तीत ती लवकर संपतात आणि साथ आपोआप विझते. मात्र त्यानंतर जन्मलेले प्रत्येक मूल असुरक्षितच राहते. कडब्याची गंजी वर्षानुवर्षे रचली जावी तशी ही संख्या वाढते. मग एक ठिणगी पुरे.

यावर उपाय लसीचा. गोवर इतका वेगाने पसरतो, की १०० पैकी ९५ जणांना तरी संरक्षण हवे. म्हणजे दूरची वस्ती सोडून चालत नाही.

आपल्या राज्यात नंदुरबार जिल्ह्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याने अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतील कित्येक पाडे वेगळे पडले. तेथे बोटीवरचा ‘तरंगता दवाखाना’ फिरू लागला. २०२० साली तर तेथील एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत, सुमारे १८ किलोमीटरचा फेरा करून बालकांची वजने घ्यायला जात होती. मणिपूरमध्ये ४ ऑक्टोबर २०२१ रोजी लोकटाक सरोवरातील करांग बेटावर ड्रोनने कोविडची लस पोचली. रस्त्याने २६ किलोमीटर असलेले अंतर हवेतून १५ किलोमीटरच भरले. मात्र ड्रोन डबा पोचवील. सुई टोचायला माणूसच लागतो.

त्या डब्यात काय असते? बर्फाच्या चार सपाट बाटल्या आणि मधोमध लस. तापमान २ ते ८ अंश सेल्सियस राहिले पाहिजे. उष्णतेने लस निकामी होते, हे सर्वांना ठाऊक असते. पण फार थंडीही घातक, हे पुष्कळांना माहीत नसते. धनुर्वाताच्या लसीत ॲल्युमिनियमच्या क्षाराचे सूक्ष्म कण असतात. लस गोठली की ते एकमेकांना चिकटतात व तिचा गुण जातो. म्हणून बर्फाच्या बाटल्या शीतपेटीतून काढल्याबरोबर डब्यात भरत नाहीत. थोडा वेळ बाहेर ठेवून, हलवून पाहतात. आत पाणी खळखळले की मग भरतात. कुपीवर एक वर्तुळ व त्यात फिका चौकोन असतो. उष्णता लागत गेली तसा चौकोन गडद होतो. तो वर्तुळाइतका गडद झाला, की कुपी बाद! चाळीस अंशांच्या उन्हात वाडीवर निघालेल्या जालन्याच्या परिचारिकेला हा चौकोन मोठाच आधार आहे.

आता आपली बेटे. मंठा, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांची कुटुंबे निघतात. पाच-सहा महिने मुक्काम पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, उसाच्या फडाशेजारच्या कोप्यांत. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांच्या वयात, दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या वयात द्यायचा असतो. दुसऱ्यासाठी मुदत आठ महिन्यांची. त्यांतले पाच-सहा फडावर गेले तर? गावची सेविका घरी येते, तो दाराला कुलूप. फडाजवळच्या उपकेंद्राच्या यादीत या बाळाचे नाव नाही. दोन्ही बाजूंना रस्ता आहे, पाणी कुठेच नाही. तरी बाळ मात्र बेटावर!

चुकलेला डोस पाच वर्षे वयापर्यंत देता येतो आणि तो कोणत्याही गावच्या सरकारी केंद्रात मिळतो. त्यासाठी आईजवळचे लसीकरण कार्ड बरोबर हवे. तुमच्या वर्गातला एखादा मित्र दिवाळीनंतर फडावर जाणार असेल आणि त्याला धाकटे भावंड असेल, तर बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये सामान चढण्याआधी विचारून ठेवा : कार्ड घेतले का?