कुबट वास लाकडाचा नसतो

जुन्या लाकडी क्लॅरिनेटचा सौदा बरेचदा नाकाशी येऊन अडतो. लाकूड धड असते, चाव्या हलतात, किंमतही परवडते. पण पेटीचे झाकण उघडताच असा कुबट भपकारा येतो की वाद्य ओठांना लावायचा धीर होत नाही. लग्नाच्या बँडमध्ये किंवा गोव्यातल्या फेस्तांत वाजून पुढे माळ्यावर गेलेल्या, शाळेच्या कपाटात कुलूपबंद राहिलेल्या अनेक वाद्यांची हीच अवस्था होते. मग उपाय सुरू होतात. कोणी वाद्य उन्हात ठेवते, कोणी पेटीत डांबरगोळ्या टाकते, कोणी अत्तराचा बोळा ठेवते, तर कोणी खोबरेल चोळते. या सगळ्यांच्या मुळाशी एकच समज असतो, की वास लाकडात मुरला आहे. माझे म्हणणे याच्या उलट आहे. वासाचा मुक्काम बहुतेक वेळा लाकडाभोवतीच्या मऊ, ओलावा शोषणाऱ्या वस्तूंमध्ये असतो आणि त्याचे मूळ हवेतल्या ओलीत असते. हे ओळखून काम केले तर वासही जातो आणि वाद्यही वाचते. ते न ओळखता केलेल्या उपायांनी वास राहतो आणि वाद्य मात्र हातचे जाते.

आधी लाकडाचाच विचार करू. क्लॅरिनेट सहसा आफ्रिकन ब्लॅकवुडचे असते. टांझानिया आणि मोझांबिकमध्ये वाढणारे हे झाड आपल्या शिसवाच्याच डालबर्जिया प्रजातीतले. त्याचे लाकूड इतके घट्ट असते की पाण्यात टाकले तर बुडते. शिवाय ते अंगचेच तेलकट असते. असे लाकूड ओल घेते, पण फार सावकाश, आणि बुरशीला त्यात सहज शिरकाव मिळत नाही. आता त्याच्या सोबतीला काय काय असते ते पाहा. चाव्यांखाली नमद्याच्या चकत्या असतात आणि त्यांवर पातळ पापुद्रा ताणलेला असतो. सांध्यांवर बूच असते. पेटीला आतून मखमलीचे अस्तर असते, अस्तराखाली पुठ्ठा किंवा हलके लाकूड आणि ते चिकटवायला अनेकदा प्राणिज सरस. शिवाय कोपऱ्यात वाजवणाऱ्याने लाळ पुसून तसेच कोंबलेले फडके. बुरशीला लागणारे खाद्य आणि ओल दोन्ही इथे आयते मिळते. म्हणूनच वाद्य दोन दिवस पेटीबाहेर ठेवले की त्याचा वास बराच कमी होतो आणि परत पेटीत ठेवले की पुन्हा येतो.

हवेतली सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की कापड, कागद, चामडे यांवर बुरशी धरू लागते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता याच्या कितीतरी वर असते. बंद पेटीत शिरलेली ओल तर पाऊस संपल्यावरही रेंगाळते. वाढताना बुरशी आणि तिच्यासोबतचे सूक्ष्मजीव हवेत उडून जाणारी रसायने सोडतात. त्यांतले एक जिओस्मिन. पहिल्या पावसात मातीला येणारा गंध प्रामुख्याने त्याचाच. मोकळ्या रानात हवाहवासा वाटणारा हा गंध बंद पेटीत कुबट होतो. माणसाचे नाक त्याच्याबाबत विलक्षण तीक्ष्ण आहे; लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी ते जाणवतात. बुरशी मेल्यावरही वास का उरतो, याचे उत्तर इथे मिळते. अस्तरात शोषलेला किंचितसा अंशही नाकाला पुरतो. त्यामुळे बुरशी मारणे हे अर्धेच काम ठरते. शोषलेला गंध बाहेर काढणे किंवा शोषणारी वस्तूच बदलणे हे उरलेले अर्धे.

‘वासाचे एवढे काय? वाजवायला लागले की जाईल’ असे कोणी म्हणेल. ते पटणारे नाही, कारण हे वाद्य तोंडात धरून वाजवायचे असते. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात एका बॅगपाइप वादकाची हकिगत मांडली. फुप्फुसाच्या ॲलर्जीजन्य दाहाने तो वर्षानुवर्षे आजारी होता. तीन महिने वाद्याशिवाय ऑस्ट्रेलियात राहिला तेव्हा त्याला उतार पडला, परतल्यावर त्रास पुन्हा वाढला. त्याच्या बॅगपाइपच्या आत अनेक प्रकारच्या बुरशी सापडल्या. २०१४ मध्ये त्याचा मृत्यू झाला. बॅगपाइपची ओलसर पिशवी आणि क्लॅरिनेटची सरळ नळी यांत फरक आहे, आणि अशी उदाहरणे विरळ आहेत, हे खरे. तरीही कुबट वास ही नुसती गैरसोय नसून आत काहीतरी वाढले असल्याची सूचना आहे, एवढे या घटनेतून नक्की घ्यावे. दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्याने असे वाद्य साफ होण्यापूर्वी फुंकूच नये, आणि सफाई करणाऱ्यानेही मास्क लावून मोकळ्या हवेत करावी.

मग करायचे काय? आधी वासाचा उगम शोधायचा. वाद्याचे भाग सुटे करून प्रत्येक भाग, फडके आणि अस्तराचा सुटा तुकडा वेगवेगळ्या स्वच्छ, कोरड्या बरण्यांत एक दिवस ठेवावा आणि मग झाकणे उघडून हलकेच हुंगावे. दोषी वस्तू बहुधा तिथेच कळते. फडके टाकून द्यावे. चाव्यांखालच्या चकत्या डागाळल्या असतील तर दुरुस्ती करणाऱ्याकडून सगळ्याच बदलून घ्याव्यात. जुन्या चकत्या तशाही हवा नीट अडवत नाहीत आणि सूर बिघडवतात. सांध्यांचे बूच काळे पडून भुगा होत असेल तर तेही बदलावे. लाकडी नळी आतून पुसताना घट्ट पिळलेल्या कापडाला सौम्य साबण पुरतो. पाठोपाठ कोरडे कापड फिरवावे. वाद्य पाण्यात कधीही बुडवू नये. माउथपीस सहसा एबोनाइटचे, म्हणजे गंधकाने कडक केलेल्या रबराचे असते. ते कोमट पाण्यात धुवावे, कारण गरम पाण्याने त्याचा रंग विटतो. त्याला येणारा गंधकाचा वास बुरशीचा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. यानंतर सुटे भाग सावलीत, खेळत्या हवेत ठेवावेत आणि मग सक्रिय कोळशाच्या पुडीसोबत बंद डब्यात. असंख्य सूक्ष्म छिद्रांमुळे हा कोळसा हवेतले गंधकण स्वतःवर धरून ठेवतो. यात दिवस जातात, कधी आठवडेही.

इथे पहिला आक्षेप उन्हाचा येतो. गोधड्या, गाद्या, धान्य, मसाले सगळे आपण उन्हात टाकतो. मग वाद्याचेच काय बिघडते? ऊन कापडाला खरोखरच चांगले असते, म्हणून पेटी जरूर उन्हात ठेवावी. लाकडाचे गणित वेगळे आहे. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आक्रसत नाही, आडव्या अंगाने मात्र आक्रसते. काळे लाकूड उन्हात झपाट्याने तापते. बाहेरचा थर आधी सुकून आवळतो, आतला तसाच राहतो आणि या ताणात नळीला उभी भेग जाते. भेग बुजवता येते, पण तिचा खर्च आणि धोका वासापेक्षा मोठा असतो. वास लगेच जात नाही म्हणून तांदळाच्या डब्यात किंवा सिलिका जेलच्या पुड्यांमध्ये वाद्य आठवडेच्या आठवडे कोंडून ठेवणेही याच कारणाने टाळावे.

दुसरा आक्षेप झटपट उपायांचा. व्हिनेगर, ब्लीच, स्पिरिट, डांबरगोळ्या यांनी वास लवकर जातो, असे सांगितले जाते. व्हिनेगरमधले आम्ल आणि ब्लीचमधले क्लोरीन चाव्यांचा धातू खातात. स्पिरिटने चपडी विरघळते, आणि जुन्या वाद्यांत चकत्या अनेकदा चपडीनेच चिकटवलेल्या असतात. डांबरगोळ्या कुबट वासावर दुसरा वास चढवतात, आणि तो काढणे आणखी अवघड. शिवाय त्यांतले नॅफ्थलीन कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांत गणले जाते; तोंडात धरायच्या वस्तूजवळ त्याला जागा नसावी. तेलाचीही तीच गत. स्वच्छ, कोरड्या लाकडाला तेलाचा पातळ हात मानवतो. मळक्या नळीला चोळले तर मळ आणि वास त्याच्याखाली कोंडले जातात आणि खवटपणा वर येतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: मूळ पेटी हा वाद्याच्या इतिहासाचा भाग आहे, ती कशी टाकायची? टाकू नये. उन्हात वाळवून, अस्तर ब्रशने साफ करून ती कागदात गुंडाळून निराळी ठेवावी. वाद्याने मात्र नव्या, कोरड्या पेटीत राहावे. जपणूक म्हणजे दोन्ही वस्तू टिकवणे. त्या एकमेकींना चिकटवून ठेवण्याची गरज नाही. हाच विचार सनईलाही लागू पडतो. तिला चाव्या आणि चकत्या नसल्याने लाकूड साफ करणे सोपे. पण पत्ती आणि तिच्यावरचा दोरा ओल धरतात, म्हणून ते वाळवून वेगळे ठेवावेत, जुने झाले असल्यास बदलावेत.

वास गेल्यावर खरी परीक्षा पुढच्या पावसाळ्यात होते. बऱ्याच काळाने जागे केलेले वाद्य सुरुवातीला रोज दहा-पंधरा मिनिटेच वाजवावे, कारण श्वासाची ऊब आणि ओल आतून अचानक मिळाली तरी लाकूड तडकते. वाजवून झाले की नळी पुसावी, फडके पेटीबाहेर वाळू द्यावे. पेटी बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवू नये. आत छोटा आर्द्रतामापक ठेवून आकडा साधारण ४० ते ६० टक्क्यांत राहील असे पाहावे. इतके करूनही वास परतला, तर नवी रसायने शोधण्याऐवजी ओल कुठून येते ते शोधावे. ज्यांच्या हाती बँडची, शाळेची, देवळाच्या नगारखान्याची वाद्ये आहेत, त्यांनी नाकाला खटकले म्हणून ती भंगारात काढू नयेत. बहुतेक वेळा निकामी झालेली असतात ती काही रुपयांची चकती आणि अस्तर. वाद्य शाबूत असते.