लॉटरीची भिशी चालेल का?

पणदऱ्यासारख्या गावाला भिशी नवी नाही. मग इंटरनेटवर शंभर जणांकडून दहा-दहा रुपये जमवून लॉटरीची तिकिटे एकत्र घेण्याचा धंदा चालेल का?

हिशेब करून पाहू. शंभर तिकिटांनी बक्षिसाची शक्यता शंभरपट होते. पण वाटेकरीही शंभर. सरासरी फायदा शून्यच! चालकाने दहा टक्के दलाली ठेवली, तर तिकिटे येणार नव्वदच. भिशीत पाळी आली की पैसे परत मिळतात. इथे बहुधा गेले ते गेलेच.

शिवाय मूळ तिकीट चालकाच्या हाती. वाटा मागायला पुरावा काय? १९९८ च्या कायद्याने तिकीटविक्री राज्य शासन वा त्याच्या वितरक-विक्रेत्यांमार्फतच व्हायला हवी. तेव्हा धंदा चाललाच, तर तो चालकाचा, सभासदांचा नव्हे.