पिंगुळीचे ठाकर: पोथीपासून दाखल्यापर्यंत

कणकवलीहून महामार्गाने दक्षिणेकडे निघाले असता कुडाळ ओलांडल्यावर पिंगुळी हे गाव लागते. या गावातील गुढीपूर वाडीत राहणाऱ्या ठाकर समाजाची ओळख बाहेरच्या जगाला झाली ती चित्रकथी आणि बाहुल्यांच्या खेळांमुळे, आणि २०२१ साली परशुराम विश्राम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाल्यावर ती अधिक पक्की झाली. मात्र ज्या समाजाची ‘आदिवासी कला’ म्हणून प्रदर्शनांतून वाहवा होते, त्याच समाजातील विद्यार्थी किंवा नोकरदार जेव्हा जातवैधता प्रमाणपत्रासाठी अर्ज करतो, तेव्हा तो खरोखर आदिवासी आहे काय, अशी शंका काढली जाते. कला मान्य आणि कलावंताची जमात वादग्रस्त, ही विसंगती कशी निर्माण झाली हे कळण्यासाठी या समाजाच्या जुन्या जीवनक्रमाकडे वळावे लागते.

महाराष्ट्रात ठाकर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहतात ते कर्जत, मुरबाड, अकोले, जुन्नर या भागांतील सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचे व पायथ्याचे ‘क’ ठाकर आणि ‘म’ ठाकर. कारवीच्या कुडाच्या भिंती, डोंगरउतारावरची नाचणी-वरईची शेती, रानातील कंदमुळे आणि फेर धरून केलेला नाच हे त्यांचे वर्णन अभ्यासकांनी तपशीलवार केले असून, ल. ना. चापेकर यांचा १९६० साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ त्यात महत्त्वाचा मानला जातो. सिंधुदुर्गातील ठाकर या चौकटीत सहज बसत नाहीत. ते गावाच्या कडेला वाडी करून राहिले, पावसाळ्यात शेतीकाम करून उरलेले महिने देवळोदेवळी आणि दारोदारी कला सादर करून पोट भरत राहिले, आणि त्यामुळे त्यांचा संबंध रानापेक्षा गावऱ्हाटीशी, म्हणजे ग्रामदेवता, मानकरी आणि बलुतेदार यांच्या परंपरागत व्यवस्थेशी, अधिक आला.

सावंतवाडी संस्थानच्या सावंत-भोसले राज्यकर्त्यांनी या कलावंतांना आश्रय दिला आणि कोणत्या घराण्याने कोणत्या गावच्या देवळात कला सादर करावी हे ठरवून दिले, असे समाजात परंपरेने सांगितले जाते. गावोगाव हिंडणारे हे लोक हेरगिरीही करीत आणि त्यासाठी त्यांची आपसातली ठाकरी बोली उपयोगी पडे, अशीही एक समजूत आहे. भटक्या कलावंतांविषयी असे बोलण्याची चाल जुनी असल्यामुळे या कथेवर फार भार टाकणे उचित नाही. परंतु देवळांची वाटणी ही गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण तिच्यामुळे ही कला करमणुकीच्या बाजारात न जाता हक्क आणि सेवा या स्वरूपात पिढ्यान् पिढ्या टिकली.

चित्रकथी म्हणजे चित्रे दाखवून सांगितलेली कथा. बाराव्या शतकातील सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रांच्या साहाय्याने कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो, त्यावरून हा प्रकार दख्खनमध्ये किती जुना असावा याची कल्पना येते. पिंगुळीत एका आख्यानाच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. हाताने बनविलेल्या कागदावर रंगविलेली दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असतात, त्यामुळे एक पान उलटले की कथेतील पुढचा प्रसंग समोर येतो. कथेकरी बैठक मारून पान उभे धरतो, एका प्रसंगाचे गायन आणि निरूपण पुरे झाले की ते बाजूला सारून दुसरे घेतो. साथीला वीणा, टाळ आणि हुडुक, म्हणजे मध्ये चिमटलेले छोटे चर्मवाद्य, असते. चित्रांतील माणसे बहुधा एका बाजूने दाखविलेली, मोठ्या डोळ्यांची, टोकदार नाकाची आणि चेहऱ्याने थेट समोरच्या पात्राकडे रोखलेली असतात. पार्श्वभूमी जवळजवळ मोकळीच ठेवलेली असल्यामुळे देवळातील समईच्या उजेडात, काही हातांवरून पाहणाऱ्यालाही, कोण कोणाशी बोलत आहे हे चटकन उमगते. आज ही चित्रे चौकटीत बसवून भिंतीवर लावली जातात आणि त्यांतील रेषेचे कौतुक होते; पण ती रेषा मुळात निरूपणाच्या सोयीसाठी घडली, हे तेथे ध्यानात येत नाही.

पोथी जीर्ण झाली की ती पाण्यात विसर्जित करण्याची रीत होती, कारण ती देवाचे रूप मानली जाई. साहजिकच फार जुनी चित्रे कलावंतांच्या घरांपेक्षा संग्रहालयांतच अधिक सापडतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा चित्रांचा मोठा संग्रह आहे. गंमत अशी की, या शैलीची चित्रे अभ्यासकांत दीर्घकाळ ‘पैठण’ या नावाने ओळखली जात होती, आणि पिंगुळीच्या पोथ्यांकडे लक्ष गेल्यानंतरच दक्षिण कोकणातील ठाकरांशी त्यांचा असलेला संबंध स्पष्ट होत गेला. ज्यांच्या घरात ती चित्रे पिढ्यान् पिढ्या हाताळली जात होती, त्यांना मात्र याविषयी कोणी विचारलेले नव्हते.

याच समाजाकडे कळसूत्री बाहुल्या, म्हणजे दोऱ्यांनी नाचविण्याच्या लाकडी बाहुल्या, आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळही आहे. चामडे कमावून, त्यावर आकृती कापून, दागिने व वस्त्रे यांच्या जागी बारीक छिद्रे पाडून बाहुली तयार होते आणि पडद्यामागे दिवा ठेवून तिची सावली नाचविली जाते. खेळाचा आरंभ गणपती आणि सरस्वती यांच्या प्रवेशाने होतो, हे दशावतार पाहत वाढलेल्या मालवणी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. छायाखेळाची ही परंपरा कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूपर्यंत पसरलेली असून, कर्नाटकात हा खेळ करणारे किळ्ळेक्यात लोक आणि आंध्र-तमिळनाडूतील अनेक बाहुलीकार घराणी आजही घरात मराठीचीच एक बोली बोलतात. पिंगुळीच्या चित्रांतील आणि दक्षिणेकडील चर्मबाहुल्यांतील चेहऱ्यांचे साम्य पाहिले, तर या कलावंतांच्या वाटा एकेकाळी आजच्या राज्यसीमा ओलांडून जात असाव्यात असे वाटते. पांगुळबैल, राधानृत्य, गोंधळ हे प्रकारही ठाकरांकडे होते. त्यांपैकी सजविलेला बैल घेऊन दारी येणारा ठाकर मात्र आता क्वचितच दिसतो.

जमातीची ओळख जागा, व्यवसाय आणि परिस्थिती यांबरोबर बदलत जाते, याचे एक ठळक उदाहरण दूर अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील सेमिनोल लोकांच्या इतिहासात सापडते. अठराव्या शतकात उत्तरेकडून आलेल्या क्रीक टोळ्या, स्थानिक लोकांचे अवशेष आणि गुलामगिरीतून पळालेले आफ्रिकी वंशाचे लोक यांच्या सहवासातून हा समाज आकाराला आला, म्हणजे ‘प्राचीन काळापासून एकाच जागी, एकाच रूपात’ ही आदिवासींविषयीची ठरीव कल्पना त्यांना कधीच लागू नव्हती. १८३० च्या कायद्यान्वये त्यांना मिसिसिपी नदीपलीकडे घालविण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा १८३५ ते १८४२ या काळातील युद्धात अमेरिकेचे सुमारे दीड हजार सैनिक, त्यांतील बहुसंख्य रोगराईने, दगावले. त्यांचा नेता ओसिओला पांढऱ्या निशाणाखाली वाटाघाटीला आला असता १८३७ साली पकडला गेला आणि पुढच्याच वर्षी कैदेत मरण पावला. बहुतेकांना पश्चिमेकडे हाकलण्यात आले. जे काहीशे लोक उरले ते एव्हरग्लेड्स या विस्तीर्ण दलदलीत शिरले आणि तेथेच त्यांचे पारंपरिक म्हणून प्रसिद्ध असलेले जीवन घडले. लाकडी खांबांवर जमिनीपासून उंच उचललेला माळा आणि वर झावळ्यांचे छप्पर असलेले चिकी हे उघडे घर दलदलीत व डासांत राहण्यासाठी सोयीचे, आणि माणसांना घाईने निघून जावे लागले तरी पुन्हा चटकन उभारता येण्याजोगे होते. त्यांच्या रंगीबेरंगी कपड्यांवरील तुकड्यांची शिलाई तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, हाताने फिरविण्याच्या शिलाई यंत्रामुळे वाढलेली कला आहे. १९२८ साली दलदलीतून मोठा रस्ता गेल्यावर पर्यटकांपुढे वस्ती मांडून कपडे व बाहुल्या विकणे हेच अनेक कुटुंबांच्या चरितार्थाचे साधन झाले.

सेमिनोल आणि ठाकर यांच्यात फरक पडतो तो पुढे. अमेरिकी शासन आदिवासी टोळ्यांची मान्यता काढून घेण्याच्या विचारात असताना सेमिनोलांनी आपली घटना तयार करून १९५७ साली अधिकृत मान्यता मिळविली, आणि त्यांच्यातील मिकोसुकी हा गट १९६२ साली स्वतंत्रपणे मान्य झाला. टोळीचा सभासद कोण, याचे नियम टोळी स्वतः ठरवते. भारतात हा अधिकार संसदेने संमत केलेल्या यादीकडे आणि तिच्या आधारे दाखले तपासणाऱ्या समितीकडे आहे. जुन्या यादीत ठाकर जमात अहमदनगर, कुलाबा, नाशिक, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांतील ठरावीक तालुक्यांपुरती मर्यादित होती. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात मोडणाऱ्या सावंतवाडी-कुडाळ भागाचे नाव तीत नव्हते. १९७६ च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन उठले आणि सिंधुदुर्गातील ठाकरही यादीत आले, पण त्याबरोबर संशयही आला. पडताळणीत जमातीशी असलेली जवळीक तपासण्यासाठी चालीरीती, देव, विवाहविधी, नाच यांविषयी प्रश्न विचारले जातात, आणि अपेक्षित उत्तरांचा नमुना बहुधा सह्याद्रीच्या डोंगरातील ठाकरांवरून घेतलेला असतो. देवळात रामायण सांगणारा, मालवणी बोलणारा, गावच्या मानपानात रुळलेला ठाकर अशा चाळणीत अडकणारच.

महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ रोजी दिलेल्या निर्णयात अशी जवळीक-चाचणी ही अंतिम कसोटी मानता येणार नाही, असे स्पष्ट केले. शिक्षण, स्थलांतर आणि बाहेरच्या संपर्काने रूढी बदलतात, ही साधी गोष्ट त्यातून कायद्याच्या पातळीवर मान्य झाली. आता भर जुन्या कागदपत्रांवर, विशेषतः १९५० पूर्वीच्या नोंदींवर, अधिक राहतो. हे न्याय्य असले तरी वर्षातील बराच काळ पोथी आणि पेटारा घेऊन गावे फिरणाऱ्या घराण्यात त्या काळचा शाळेचा दाखला निघणे सोपे नाही. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर नोंद शोधायची ती जन्ममृत्यूच्या रजिस्टरात, जमिनीच्या कागदांत किंवा संस्थानी दप्तरात, आणि तेथेही जातीच्या रकान्यात कारकुनाने काय लिहिले असेल यावर नातवाचा वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी प्रवेश अवलंबून राहतो.