वाडगा खाली येईपर्यंत
जेवणाचा वाडगा दिसला की कुत्रा उड्या मारतो, आणि आपण ‘थांब, थांब’ म्हणत वाडगा त्याच्यापुढे ठेवून मोकळे होतो. त्यातून तो शिकतो एवढंच, की उड्या मारल्या की जेवण मिळतं.

उलटं करून पाहा. वाडगा हळूहळू खाली न्या. कुत्रा झेपावला की काही न बोलता पुन्हा वर. काही खेपांनंतर तो वाडग्याऐवजी तुमच्या तोंडाकडे बघू लागतो, बूड टेकतो. तो क्षण सोडू नका. वाडगा जमिनीवर, आणि लगेच ‘घे’. पहिल्या दिवशी तो 1 सेकंद थांबला तरी पुरे. मग 2, 5, 10. मध्येच चुकला तर घाई आपली झाली, असं समजायचं.

‘घे’ हा सुटकेचा शब्द घरात सगळ्यांचा एकच हवा. आजी मधूनच ‘खा रे बाळा’ म्हणाली की आठवड्याची मेहनत पाण्यात.

दाराशीही तेच: कडी काढली, तो उठला, कडी परत लावली. स्वयंपाकघरातलं शहाणपण दाराशी आपोआप येत नाही, तिथे पुन्हा 1 सेकंदापासून. लिफ्ट मात्र सर्वांत शेवटी, आणि पट्टा हातात धरूनच. ते दार आपल्यासाठी थांबत नाही.