वार्तापत्राचा वाहक निवडताना

आमच्या वडिलांच्या हयातीत पेढीचे भाव पोस्टकार्डावर जात. बेळगावच्या रविवार पेठेतून आठवड्यास एकदा सावंतवाडी, रत्नागिरी, कोल्हापूर येथील गिऱ्हाइकांस तांदूळ, तूरडाळ, जोंधळा यांचे दर कळवावयाचे, आणि कार्डे कोणास धाडावयाची ती नावे एका लांबट वहीत टिपून ठेवावयाची, असा शिरस्ता होता. कार्डे गड्याच्या हातून टपालात पडत. वही मात्र तिजोरीत असे. गतसाली एका नव्या उद्योगाच्या निमित्ताने ती वही आम्हांस पुन्हा आठवली, त्याची हकिकत व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहोत.

आमच्या पुतण्याने सांबऱ्यास, विमानतळाच्या रस्त्यालगत असलेल्या आमच्या गोदामात, या भागातील सुवासिक तांदूळ व गूळ लहान पिशव्यांत भरून पुण्या-मुंबईच्या व गोव्याच्या घरांस थेट पोचविण्याचा धंदा मांडला. यालाच हल्ली स्टार्टअप म्हणतात. महिन्यास एक वार्तापत्र ईमेलने धाडावे, त्यात भाव व नव्या-जुन्या तांदळाची माहिती द्यावी, असा त्याचा बेत. हे काम करून देणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. त्यांतील कोणती घ्यावी, असे त्याने आम्हांस विचारले. आम्ही मॅट्रिक झालेले, संगणकाशी आमची ओळख बेताचीच. परंतु माल कोणी वाहावा व भाडे कशावर द्यावे, हा प्रश्न काही आम्हांस नवा नव्हता.

आरंभीच एक चूक झाली, ती लपविण्यात अर्थ नाही. पुतण्याने एका दलालाकडून वीस हजार ईमेल पत्त्यांची यादी विकत घेतली. आम्हीही मोडता घातला नाही. उलट किंमत ऐकून “स्वस्तात पडली” असे म्हणालो. पत्रे गेली आणि चार दिवसांत तक्रारींचा पाऊस पडला. वाहक कंपनीने खाते बंद केले. त्याहून वाईट म्हणजे, पेढीच्या पत्त्याची पतच गेली. ज्यांनी आपण होऊन मागणी नोंदविली होती त्यांची बिलेसुद्धा स्पॅमच्या ढिगात पडू लागली, आणि ऐन दिवाळीचा हंगाम हातचा गेला. आमच्या घरी अदत्तादान म्हणजे काय ते मुलांना लहानपणापासून शिकवितात. न दिलेला पत्ता घेणे हेही त्यातच मोडते, हे मात्र तोवर आम्हां दोघांपैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. डिजिटल वैयक्तिक माहितीसंबंधी २०२३ साली झालेल्या कायद्याचाही मुख्य भर संमतीवरच आहे.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी नियम कडक केले आहेत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसास ५,००० हून अधिक पत्रे धाडणाऱ्यास तीन दाखले लागतात, यादीतून नाव काढून घेण्याची सोय एका टिचकीत द्यावी लागते, आणि तक्रारींचे प्रमाण हजारी तीनच्या आत ठेवावे लागते. आमची पत्रे तितकी नाहीत. तरी दाखले घेतलेले बरे. त्यांची नावे एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क. पहिला म्हणजे आमच्या नावाची पत्रे कोणी वाहावीत याची जाहीर यादी. दुसरा म्हणजे लाखेची मोहोर. आणि तिसरा म्हणजे मोहोर न जुळल्यास पत्राचे काय करावे, याची घेणाऱ्या टपालास दिलेली सूचना. याकरिता पत्ता पेढीच्या स्वतःच्या नावाचा हवा.

आता भाड्याविषयी. अमेरिकेतील मेलचिंप ही कंपनी मुख्यतः यादीतील नावांवर आकार घेते. फ्रान्समधील ब्रेव्हो पाठविलेल्या पत्रांवर. चेन्नईच्या झोहोकडे दोन्ही रीती आहेत व बिल रुपयांत येते. आमची नावे सहाशे चाळीस, पत्र महिन्यास एक. अशा स्थितीत नावांवर भाडे देणे म्हणजे वखारीत पडून राहिलेल्या पोत्यांचीही हमाली भरण्यासारखे. आठवड्यास दोन पत्रे धाडणाऱ्याचा हिशेब याच्या नेमका उलटा येईल. मुंबईच्या राजेश जैन यांची नेटकोअरही आमच्या पाहण्यात आली. याच गृहस्थांनी १९९९ साली आपली इंडियावर्ल्ड ही कंपनी सत्यम इन्फोवेला ४९९ कोटी रुपयांस विकली होती. परंतु नेटकोअरचा व्यवहार मोठमोठ्या संस्थांशी. आमच्या चार पोत्यांसाठी रेल्वेची अख्खी वाघीण कशास हवी?

पुतण्या भाड्याचाच हिशेब करीत बसला होता. आम्ही त्यास निराळेच विचारले, “उद्या या कंपनीने दुकान मोडले, तर आपल्या नावांचे काय?” तो हसला व म्हणाला, “काका, असे कुठे होते का?” मग त्यानेच शोध घेतला. ट्विटरने जानेवारी २०२१ मध्ये घेतलेली रेव्ह्यू ही वार्तापत्रांची सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली. टायनीलेटर ही सेवा मेलचिंपने २०११ साली घेतली व २०२४ च्या फेब्रुवारीअखेर बंद केली. ज्यांनी आपली यादी उतरवून घेतली होती, ते दुसऱ्या दारी गेले. तेव्हापासून आमची अट एकच: नावे, पत्ते व कोणी कोणत्या तारखेस संमती दिली ती नोंद, हे सर्व हवे तेव्हा साध्या तक्त्यात बाहेर काढता आले पाहिजे. ज्याच्याकडे हे अवघड, त्याचे भाडे कितीही कमी असो, आम्ही त्याच्या दारात उभे राहिलो नाही.

शेवटी झोहोची पत्रांवर आकार घेणारी रीत पत्करली. दुसऱ्यांनी तीच घ्यावी असे आमचे म्हणणे नाही. विकत घेतलेली यादी पुसून टाकली, आणि पिशवीसोबत एक चिठ्ठी घालून, वार्तापत्र हवे असल्यास कळवावे, असे गिऱ्हाइकांस विचारले. ही सहाशे चाळीस नावे त्यातूनच जमली. दर महिनाअखेर पुतण्या यादी उतरवून घेतो व तिची एक छापील प्रत आमच्याकडे देतो. ती आम्ही वडिलांच्या वहीशेजारी ठेवतो.

संमतीने गेलेल्या पहिल्या वार्तापत्रानंतर नऊ जणांनी नावे काढून घेतली. त्यांत आमचे मेहुणेही होते. पुतण्यास वाईट वाटले; आम्ही त्यास म्हटले, नाव काढ, विचारू नकोस. तांदूळ ते अजूनही आमच्याकडूनच नेतात.