पाळवणकर बाळू : बळी आणि बहुमान

खेळांतील उच्चांक आंकड्यांनीं ठरतो; खेळाडूचा मान मात्र पुष्कळदां त्याच्या जन्मावरून ठरविला जातो. अमेरिकेंत हँक आरन या कृष्णवर्णीय बेसबॉलपटूनें १९७४ सालीं बेब रूथचा ७१४ 'होमरन'चा उच्चांक मोडला. त्यापूर्वीं धमकीच्या पत्रांचा त्याच्यावर वर्षाव झाला होता.

आपल्याकडे हें त्याहून कितीतरी आधीं घडलें. चर्मकार समाजांतले गोलंदाज पाळवणकर बाळू यांचा चेंडू पुण्याच्या हिंदु संघास चाले; चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यांत मिळे. १९०६ सालीं हिंदूंनीं युरोपियनांस हरविलें, तेव्हां 'इंडियन सोशल रिफॉर्मर' पत्रानें त्या विजयांत जातिबंधनें सैल झाल्याची खूण पाहिली. १९११ च्या इंग्लंड-दौऱ्यांत बाळूंनीं ११४ बळी घेतले. स्तुति छापली गेली, परंतु कर्णधारपद दूरच राहिलें. १९२० सालीं त्यांचे बंधु विठ्ठल व शिवराम यांनीं निषेध म्हणून जाहीरपणें संघ सोडला, तेव्हां कोठें बाळू उपकर्णधार झाले. पुढें १९२३ सालीं विठ्ठल कर्णधार झाले.

११४ बळी मिळविण्यास एक उन्हाळा पुरला. त्या घराण्यास कर्णधारपद मिळण्यास आणखी १२ वर्षें लागलीं.