कुलमुखत्यारपत्र आणि घरची जमीन

स्वतः हजर राहून जें काम करावयाचें तें आपल्या वतीनें दुसऱ्यानें करावें, असा अधिकार देणारा लेख म्हणजे मुखत्यारपत्र. एका ठराविक कामापुरतें असेल तें खास. सर्व कामांसाठीं असेल तें कुलमुखत्यारपत्र. परगांवीं नोकरीस असलेला भाऊ, सासरीं नांदणारी बहीण, अंथरुणास खिळलेली वृद्ध आई, यांची त्यामुळें मोठीच सोय होते. परंतु या सोयीच्या वाटेनेंच पुष्कळदां घात होतो, हें महसूल खात्यांत उमर घालविलेल्या माणसास निराळें सांगावें लागत नाहीं.

घाताची रीत बहुधा ठरलेली असते. वडील वारतात. ‘वारसनोंदीस सही लागते, वारंवार खेटे नकोत,’ असें सांगून थोरला भाऊ बहिणींना तालुक्याच्या गांवीं नेतो. लेखाच्या आरंभीं वारसनोंद, शेतसारा, कचेरींतील अर्ज अशीं निरुपद्रवी कामें असतात. शेवटच्या पानावर मात्र विक्री, गहाण, बक्षीस व हक्कसोड यांचाहि अधिकार घातलेला असतो. पुढें एके दिवशीं तेंच शेत मेहुण्याच्या नांवें अल्प किंमतीस जातें. फेरफाराची नोटीस बहिणीच्या माहेरच्या पत्त्यावर येते व ती तोच भाऊ घेतो! २००५ सालच्या कायदेदुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबांत मुलगीहि मुलाप्रमाणें जन्मतः हिस्सेदार ठरली. तिच्या सहीची किंमत वाढली, म्हणूनच ती सही मिळविण्याची ही धडपड.

मुखत्यार हा मालक नव्हे, हें प्रथम ध्यानीं धरावें. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें, मागेल तेव्हां हिशेब देणें त्याजवर बंधनकारक आहे. संमतीवांचून त्यानें स्वतःच्याच लाभाचा व्यवहार केला आणि त्यांत महत्त्वाची गोष्ट कपटानें लपविली, किंवा तो व्यवहार मालकास अहितकारक ठरला, तर मालकास तो नाकारतां येतो. जमीन सांभाळण्याच्या अधिकारांत ती विकण्याचा अधिकार येत नाहीं. तो स्पष्ट लिहिलेला असावा लागतो. केवळ मुखत्यारपत्रानें मालकी बदलत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं दिला आहे. पत्र देणारा मरण पावला म्हणजे त्या अधिकाराचाहि सामान्यतः अंत होतो.

पत्र रद्द करतां येतें. पण मनांत रद्द करून भागत नाहीं. रद्द झाल्याची वार्ता ज्यास नाहीं अशा परक्या माणसाशीं मुखत्यारानें केलेला व्यवहार मालकाच्या गळ्यांत पडूं शकतो. म्हणून रद्दपत्र लेखी करावें, मूळ पत्र नोंदलेलें असल्यास तेंहि नोंदवावें, मुखत्यारास टपालानें नोटीस द्यावी, आणि वर्तमानपत्रांत जाहीर करून चावडीवरहि कळवावें.

घात झालाच तर दिवस घालवूं नयेत. फेरफाराची नोंद अद्याप मंजूर झाली नसल्यास लेखी हरकत घेऊन पोंच घ्यावी. मग ती नोंद तक्रारी नोंद म्हणून चौकशीस जाते. मंजूर झाली असल्यास साठ दिवसांच्या आंत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करावें. परंतु फेरफार म्हणजे मालकी नव्हे. विक्रीचा दस्त रद्द करून घेणें तें दिवाणी न्यायालयांतच. त्या दाव्याची मुदत, खरी गोष्ट कळल्यापासून तीन वर्षें आहे.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, सही करण्यापूर्वीं सबंध लेख तिऱ्हाइताकडून वाचवून घ्या. काम एक असेल तर पत्रहि त्या एकाच कामाचें करा, त्यांत मुदत घाला, आणि विक्रीचा अधिकार नको असल्यास ‘विक्रीचा अधिकार नाहीं’ असें स्पष्ट लिहवा. एक नक्कल स्वतःपाशीं ठेवा, आणि वर्षांतून एकदां तरी सातबाराचा उतारा पाहा. भावावर विश्वास ठेवूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. विश्वास खुशाल ठेवावा, अधिकार मात्र कामापुरताच द्यावा.